यात फोन कुठे आहे?

(तंत्रज्ञानप्रेमींच्या मासिक बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘नोकिया ७७० आणि खुली प्रणाली’. मला खरं तर खुल्या प्रणालीवरच, म्हणजे जिचा कोड कुणीही पाहू आणि बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरवरच बोलायचंय, पण त्याआधी ही वस्तू तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजे. समोर बरीच तरुण मंडळी दिसताहेत, त्यांनी ती हातात घेतलेली नसणार.

मे २००५ मध्ये नोकियाने ७७० जाहीर केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो विक्रीला आला. किंमत साधारण ३५० डॉलर, म्हणजे तेव्हाचे पंधरा-सोळा हजार रुपये. जगातली सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी एक नवं यंत्र काढते आणि त्यात फोनच नाही! नावच मुळी ‘इंटरनेट टॅब्लेट’. फोन नाही, कॅमेरा नाही, बटणांचा कीबोर्ड नाही. वाय-फाय, ब्लूटूथ आणि एक पडदा. पहिल्या प्रतिक्रिया कशा आल्या असतील, तुम्हीच सांगा.

माझ्याकडे तो २००६ च्या उन्हाळ्यात आला. परदेशात नोकरी करणाऱ्या मित्राने येताना आणला. त्या रविवारी आमच्याकडे जेवायला बरीच माणसं होती. काकांनी आयुष्यभर टेलिफोन खात्यात नोकरी केलेली. त्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटं केलं, मागचं झाकण उघडून बॅटरी काढली आणि चष्मा कपाळावर सरकवून आत पाहू लागले. म्हणाले, “सिम कुठे घालायचं रे?” म्हटलं, “काका, यात सिम नसतं.” “मग बोलायचं कसं?” “बोलायचं नाही. वाचायचं.” काकांनी बॅटरी परत बसवली, झाकण लावलं आणि यंत्र माझ्याकडे न देता टेबलावर ठेवलं. त्या ठेवण्यातच सगळं आलं. मग धाकटा मामा म्हणाला, “एवढ्या पैशात कॅमेऱ्याचा फोन आला असता.” पुढचे सहा महिने ऑफिसात, लग्नात, एसटीत मला हाच प्रश्न ऐकू आला. यात फोन कुठे आहे? जाणती मंडळीही तेच विचारत, फक्त इंग्रजीत.

मला याचा राग येत असे, आणि तो आजही पुरता गेलेला नाही. नवी वस्तू दिसली की आपण लगेच तिच्यात काय नाही ते मोजायला बसतो. बनवणाऱ्याने काय सोडलं आणि ते सोडून काय मिळवलं, हे विचारायला कुणी थांबत नाही. दोरीवर कपडे वाळत घालताना एक टोक ताणलं की दुसरीकडे झोळ पडतो. यंत्र बनवणं असंच असतं. तो झोळ कुठे पडू द्यायचा, एवढंच बनवणाऱ्याच्या हातात असतं.

इथे दोरी ताणली होती पडद्यासाठी. आकार सव्वाचार इंचांपेक्षा जरा कमी, पण ठिपके, म्हणजे पिक्सेल, ८०० आडवे आणि ४८० उभे. इंचात सुमारे २२५. घरच्या मॉनिटरवर तेव्हा इंचात शंभरसुद्धा नसत. आणि ८०० हा आकडा उगाच आला नव्हता. त्या काळी बहुतेक संकेतस्थळं ८०० ठिपके रुंदीच्या पडद्याचा हिशेब धरून बांधलेली असत. म्हणजे पान आहे तसं, पूर्ण रुंदीत उघडायचं, डावी-उजवीकडे सरकवावं लागायचं नाही. ज्यांनी वॅपवर, म्हणजे जुन्या फोनांवरच्या काटछाट केलेल्या इंटरनेटवर, चार ओळींच्या बातम्या वाचल्यात त्यांना याचं मोल कळेल. दीड वर्षाने आयफोन आला, त्याचा पडदा ३२० बाय ४८० होता.

त्याच रविवारी, पंगत उठल्यावर, आईला मी बहिणीचं ईमेल उघडून दाखवलं. सोबत नातीचा फोटो होता. आई तो घेऊन खिडकीशी गेली. हा पडदा दाबाने चालतो, बोट फिरवून नाही, आणि त्यासाठी सोबत मिळालेली काडी तेवढ्यात सोफ्याच्या फटीत गेली होती. आईने विणकामाच्या टोपलीतून क्रोशाची सुई काढली आणि तिच्या बोथट टोकाने फोटो मोठा केला. मग म्हणाली, “हिचा वरचा दात पडलाय, बघ.” घरच्या संगणकावर तोच फोटो तिने आदल्या दिवशी पाहिला होता. तेव्हा दात दिसला नव्हता, कारण तेव्हा ती खुर्चीत पाठ ताठ करून, दोन फुटांवरून, मी माउस हलवीन तसं पाहत होती. हातात धरलेल्या पडद्याचा हाच फरक. माणूस तो आपल्या डोळ्यांच्या अंतरावर आणतो.

जाता जाता एक सांगतो. आईला मराठी वर्तमानपत्रही त्यावर वाचायचं होतं. पण तेव्हा बरीच मराठी वर्तमानपत्रं आपापला फाँट वापरत. तो फाँट यंत्रात नसेल तर पानभर रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक अक्षरपद्धत, होतं, पण आपल्या पेपरांनी ते घ्यायला वर्षं लावली. त्या पायी किती घरांतल्या किती आयांचं वाचन लांबणीवर पडलं, यावर मी वेगळं तासभर बोलू शकतो. आज नको.

तर झोळ कुठे पडला? मेमरीत. रॅम अवघी ६४ एमबी, प्रोसेसर २५२ मेगाहर्ट्झचा. पडदा पूर्ण पान दाखवायला तयार, पण चित्रांनी भरलेलं पान पेलायला पोटात जागा नाही. समीक्षकांनी पडद्याची तोंडभरून स्तुती केली आणि वेगाबद्दल व मेमरीबद्दल तक्रार केली. ती तक्रार शंभर टक्के रास्त होती, माझ्या मते या यंत्रातली खरी चूक तीच. पुढच्या एन८०० मध्ये कंपनीने रॅम दुप्पट केली, म्हणजे त्यांनाही ते पटलं असावं.

पण फोन न घालणं? ते मला आजही योग्य वाटतं. खिशातला फोन ब्लूटूथने जोडायचा, इंटरनेट त्याच्याकडून घ्यायचं आणि वाचायचं हातातल्या मोठ्या पडद्यावर. फोन बदलला तरी पडदा तोच. अडचण होती ती आपल्या गावात. ब्रॉडबँड म्हणजे २५६ केबीपीएस अशी सरकारी व्याख्या २००४ च्या धोरणाने केलेली, आणि वाय-फायची लहरपट्टी परवान्यातून मोकळी झाली २००५ च्या जानेवारीत. घरोघरी वाय-फाय यायला अजून अवकाश होता.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरलीत. आता मूळ विषय.

या यंत्रात मेमो नावाची प्रणाली होती, डेबियन या लिनक्सच्या खुल्या आवृत्तीवर बेतलेली. डेस्कटॉपवर जीटीके (खिडक्या, बटणं बनवायचा खुला साधनसंच) वापरून प्रोग्रॅम लिहिणारा कुणीही थोड्या फेरफारानं तो इथे चालवू शकत होता. परवानगी मागायला नको, दुकानात मांडायला नको. खुल्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना कंपनीने ५०० यंत्रं ९९ युरोंना दिली आणि ते पैसे ग्नोम हा लिनक्सचा खुला डेस्कटॉप सांभाळणाऱ्या ग्नोम फाउंडेशनला दिले. २००५ साली एवढ्या मोठ्या कंपनीने हे करणं फार मोठी गोष्ट होती, आणि मला ते मनापासून आवडलं.

पण इथेही देवघेव होतीच, आणि पहिल्या प्रतिक्रियांमध्ये तिच्याबद्दल फार थोडे लोक बोलले. ऑपेरा ब्राउझर बंद होता, म्हणजे त्याचा कोड कुणाला पाहता-बदलता येत नव्हता. वाय-फाय चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅमचा काही भाग बंद, बॅटरी चार्ज करणारा प्रोग्रॅम बंद. म्हणजे घर तुमचं, पण मीटरच्या पेटीला दुसऱ्याचं कुलूप. त्याची किंमत २००७ मध्ये कळली. एन८०० ची नवी प्रणाली ७७० साठी अधिकृतपणे आलीच नाही. ‘हॅकर एडिशन’ म्हणून एक आवृत्ती मिळाली, चालवा आपल्या जबाबदारीवर. वापरणाऱ्यांनी ती चालवली, सुधारली, पण कुलूप होतं तिथे येऊन थांबले. प्रणाली अर्धी खुली असली की तिचं आयुष्य बंद अर्ध्याएवढंच, हे मला तिथे कळलं. आज फोन घेताना ‘अपडेट किती वर्षं?’ असं विचारता ना, तो हाच प्रश्न.

दोन मिनिटं? ठीक. काकांचं राहिलं. २००६ मध्येच प्रणालीची नवी आवृत्ती आली, तिच्यात गूगल टॉकवरून बोलायची सोय होती. यंत्राला माइक पहिल्यापासून होता. दिवाळीत मी काकांच्या हातात ते दिलं, पलीकडे त्यांचा मुलगा, सिंगापूरला. काका बारा मिनिटं बोलले. मग यंत्र उलटं करून पुन्हा एकदा सिमची जागा शोधली, आणि या वेळी ते टेबलावर न ठेवता माझ्या हातात दिलं.

यंत्र मी आणलंय, पहिल्या रांगेपासून फिरवतो. धातूचं झाकण सरकवून काढा, मागच्या बाजूला बसवलं तरी चालतं. काडी हरवलीय, नखाने दाबा.