मारुतीच्या कमरेला पाणी

[गोदाघाट, पावसाळ्यातली सकाळ, पाणी चढतंय]

गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की नाशिककराला क्युसेकचा आकडा सांगून उपयोग नाही, तो एवढंच विचारणार, मारुतीला कुठपर्यंत लागलं? हा तो नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. कमरेच्या वर पाणी गेलं की सराफ बाजारात माल वर चढवायची घाई सुरू. आता कालच नाशिकला राहायला आलेल्या माणसाला इथे उभं करा, त्याला काय दिसणार, एक मूर्ती आणि गढूळ पाणी, बस्स. डोळे तर दोघांचे सारखेच ना?

तत्त्वज्ञ जॉन लॉक १६८९ मध्ये म्हणाला, मन म्हणजे कोरा कागद, त्यावर लिहितो तो अनुभव. बरं. पण मला विचाराल तर खरी गोम सापडली दुसऱ्या तत्त्वज्ञाला, डेव्हिड ह्यूमला, १७३९ मध्ये. तो म्हणतो की एकामुळे दुसरं झालं हे आपण कधी बघितलेलंच नसतं, एकामागून दुसरं आलं एवढंच बघितलेलं असतं, पण तेच परत परत बघून मनाला सवय लागते आणि मग पहिलं दिसलं रे दिसलं की आपण दुसऱ्याची वाट बघायला लागतो. पाणी कमरेला, पोटात गोळा.

या सवयीचं गणित रेस्कॉर्ला आणि वॅगनर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलं. नुसती घोकंपट्टी कामाची नाही, अंदाज चुकला पाहिजे, जेवढा जास्त चुकला तेवढं शिकणं जास्त. पुढे मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी तपासल्या, तर अचानक ज्यूस मिळाला की त्या पेटायच्या, ज्यूसच्या आधी दिलेली खूण ओळखीची झाल्यावर खुणेलाच पेटायच्या, आणि खूण होऊन ज्यूस आलाच नाही तर नेमक्या त्या वेळेला गप्प. ह्यूमने हे बघायला हवं होतं राव.

पण कागद अगदीच कोरा नाही निघाला. १९६६ मध्ये गार्सिया आणि कोलिंगनी उंदरांना चवीचं पाणी पाजलं, पिताना लाइट लागायचा, टकटक आवाज व्हायचा. नंतर आजारी पाडलेल्या उंदरांनी ती चव टाळली, शॉक दिलेल्यांनी लाइट आणि आवाज. म्हणजे कशाची सवय कशाला चिकटणार हे थोडं आधीच ठरलेलं!

मी एकदा मिसळ खाऊन रात्रभर ओकत होतो. दुकानात तेव्हा मोठ्याने गाणं लागलेलं, ते मी अजून गुणगुणतो. मिसळीचा मात्र वर्षभर वाससुद्धा नको झाला होता, आणि ताप तर मला सकाळपासूनच होता.