नको म्हणायचं नाही

(समुद्राकाठचा रस्ता. ट्रक घोंगावत जातो. काठीचा टकटक आवाज.)

जपानच्या शिकोकू बेटावरचा हा महामार्ग क्रमांक 55. डाव्या हाताला पॅसिफिक, उजव्या हाताला डोंगर. मी इथल्या मंदिरांच्या पायी परिक्रमेवर. तेविसाव्या मंदिरापासून चोविसावं सुमारे 75 किलोमीटरवर. पायी तीन दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक छोटी पांढरी गाडी पुढे जाऊन थांबली. आजी उतरल्या. हातात मिकान संत्र्यांची पिशवी, वर पाचशे येनचं नाणं. माझ्या तोंडून सवयीनं चक्क मराठीच निघालं, "अहो नको, कशाला, राहू द्या!" भाषा कळली नसेल, पण हलणारा हात कळला. आजींचा चेहरा एवढासा झाला. पिशवी माझ्या सॅकवर ठेवून त्या निघून गेल्या.

(पुलावरून जाणारे यात्रेकरू. काठ्या उचललेल्या.)

संध्याकाळी मुक्कामावर एका जुन्या यात्रेकरूनं समजावलं. वाटेवरच्या यात्रेकरूला काहीबाही द्यायची ही प्रथा 'ओसेत्ताई'. तिला नको म्हणायचं नसतं. शिकोकूची परिक्रमा 88 मंदिरांची, जवळपास 1,200 किलोमीटरची, बौद्ध भिक्षू कूकाई ऊर्फ कोबो दाइशी यांच्या नावानं चालणारी. हातातली काठी म्हणजे खुद्द दाइशी. त्यांना एका रात्री कुणी आसरा दिला नाही, ते पुलाखाली निजले, अशी कथा आहे. म्हणून आजही पुलावर काठी टेकवत नाहीत. झोपमोड नको!

तर आजींनी संत्री मला दिलीच नव्हती. दाइशींना दिली होती. शिवाय ज्याला स्वतः चालणं जमत नाही, त्याची वारी असं देऊन चालणाऱ्याच्या पायांनी घडते. नर्मदेकाठी परिक्रमावासीयाला सदावर्त देणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. मला मात्र सांगावं लागलं. घेण्यात कमीपणा वाटतो ना आपल्याला.

(शिंदीच्या पानासारखी विणलेली टोपी, जवळून. तिच्यावरचं अक्षर.)

हे टोपीवरचं अक्षर 'यु'. लिपी सिद्धम्, म्हणजे आपल्या देवनागरीची चुलत बहीण. कूकाई 804 साली चीनला गेले, तेव्हा वादळात त्यांचं जहाज भरकटून भलत्याच किनाऱ्याला लागलं. पुढे राजधानी चांगआनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूनं त्यांना संस्कृत शिकवलं. दोघंही परमुलखातले.

तिसऱ्या दिवशी एका मासळीवाल्यानं हाक मारली. गरम चहा, भाताचा गोळा. या वेळी मी दोन्ही हातांनी घेतलं. घेतल्यावर नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी द्यायची रीत आहे, 'ओसामेफुदा'. पहिल्या फेरीवाल्यांची पांढरी. शंभर परिक्रमा केलेल्यांची जरीची! माझ्या पांढऱ्या चिठ्ठीवर मी देवनागरीत लिहिलं: सातारा.

त्यानं ती उलटी धरली, सुलटी धरली, मान हलवली. मग गल्ल्यात न टाकता बर्फाच्या पेटीवरच्या भिंतीला चिकटवली. उलटीच.