वाड्याचे राखणदार

[दृश्य : साक्री तालुका. संध्याकाळ. बाजरी काढून रिकाम्या झालेल्या रानात काळ्या मेंढ्यांचा कळप शिरतो आहे.]

दिवाळी झाली की धुळे जिल्ह्यातल्या ठेलारी मेंढपाळांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडं आणि त्यांचे कळप, गाव सोडतात. तट्टांवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं. पावसाळा तोंडावर येईपर्यंत कुणी तापीकाठच्या कपाशीच्या रानांत फिरतं, कुणी गुजरातच्या बाजूला उतरतं. आजचा मुक्काम या शेतात. शेतकऱ्याला मेंढ्या बसवून हव्या आहेत. रात्रभरात रानाला लेंडीखत मिळतं आणि मेंढपाळाला त्याबदली धान्य नाहीतर पैसे.

अंधार पडायच्या आत वाघर ठोकली जाते. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. मेंढ्या बाहेर जाऊ नयेत एवढंच तिचं काम. बाहेरून येणाऱ्या लांडग्याला ती अडवू शकत नाही.

[दृश्य : वाघरीच्या चार बाजूंना चार कुत्री. एक उठून चक्कर मारतं, वास घेतं, पुन्हा बसतं.]

लांडग्याला अडवतात ती ही कुत्री. दिवसभर तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर आळशी म्हटलं असतं. कळप चरत होता तेव्हा ती बाभळीच्या सावलीला पडून होती. त्यांची पाळी आत्ता सुरू होते.

मेंढ्यांचा कुत्रा म्हटलं की मोबाईलवर पाहिलेला बॉर्डर कॉली डोळ्यांसमोर येतो. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरची ही जात. जमिनीलगत वाकून, नजर रोखून पुढे सरकते आणि मेंढ्या वळतात. त्या चालीत शिकाऱ्याचा डाव आहे, फक्त शेवटची झडप पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून काढून टाकलेली. खानदेशातल्या कुत्र्याला हे काम कुणी सांगतच नाही. इथे मेंढ्या वळवतो तो माणूस, शीळ घालून, हाळी देऊन, काठी आपटून. कुत्र्याने कळपात असं वावरायचं, की मेंढीने मान वर करूनही बघू नये. म्हणून तो मेंढीवर नजर रोखत नाही. तिच्या शेजारून जाताना मान खाली, शेपूट सैल.

हा स्वभाव कमवावा लागतो आणि त्याची वेळ फार थोडी असते. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत ज्यांच्यात वाढतं, त्यांना ते आपलं मानतं. म्हणून वाड्यावर पिल्लं कोकरांतच लोळतात.

[दृश्य : जवळून. एक पिल्लू कोकराच्या तोंडाला लागलेलं दूध चाटतंय. कोकरू डोकं मारतं. पिल्लू मागे सरतं आणि पुन्हा तिथेच येऊन बसतं.]

त्या धडकीतून पिल्लू पुष्कळ शिकतं. कोकराच्या मागे धावायची खोड दिसली की घरातली बाई ताबडतोब दटावते, कारण खेळ म्हणून सुरू झालेलं धावणं पुढे कान फाडण्यावर जातं. उलट माणसांनी सारखं कुरवाळलेलं पिल्लू बिऱ्हाडापाशी घुटमळत राहतं, कळपाकडे जात नाही. माया करावी, पण कळपात राहून. एवढं पथ्य पाळलेल्या कुत्र्याची दानत मी पाहिली आहे आणि मला ती माणसाच्या दानतीपेक्षा कमी वाटलेली नाही.

अंगाने म्हणाल तर लांब पाय, खोल छाती, आखूड केस. रंग कुठलाही. कुठल्या प्रदर्शनात याला कुणी पारखत नाही. ससा दिसला म्हणून कळप सोडून पळणारं कुत्रं वाड्यावर टिकत नाही, आणि टिकलेल्याचीच पिल्लं पुढे ठेवली जातात. आखूड केसांचा फायदा एप्रिल-मे महिन्यांत कळतो. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंग थंड ठेवतो. अशा दुपारी सावली आणि पाणी नसेल तर धडधाकट कुत्रं तासाभरात जाऊ शकतं. गुंगी आली, लाळ गळू लागली, तर आधी सावलीत न्यायचं, पोटावर, पायांवर साधं पाणी ओतायचं, आणि मग दवाखाना.

[दृश्य : दुपार. एक आजी कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन कानाच्या आतून गोचीड काढते आहे.]

"वाघ्या, हलू नको रे बाबा!" वाघ्या हलत नाही. आजी कान उलटा करते, मग पायाच्या बोटांमधली बेचकी उघडते. गोचीड तिथेच लपतात. काढलेला प्रत्येक गोचीड रॉकेलच्या वाटीत जातो. बोटांनी चिरडायचा नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. गोचिडातून कुत्र्याला रक्ताचे ताप येतात. हिरड्या पांढऱ्या पडल्या, खाणं सुटलं, की ते ओळखायचं. एक मात्र टाळायला हवं. मेंढ्यांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन या जंत-गोचिडांवरच्या औषधाचं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचू नये. कॉलीसारख्या काही जातींना ते थोडंसं जास्त झालं तरी जिवावर बेततं.

आता ज्या गोष्टीसाठी हा माहितीपट करावासा वाटला, तिच्याकडे येऊ.

कळपात एखादी मेंढी मरते. माणूस कातडं काढतो, आणि काळीज म्हणजे यकृत, फुफ्फुसं कुत्र्यांपुढे टाकतो. यात मेंढपाळाला दोष देण्यासारखं काही नाही. रोज भाकरी-ताकावर राबणाऱ्या जिवाला मांस मिळावं, ही त्यामागची भावना. पण त्या काळजात कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या गाठींत एका फीतकृमीची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या आतड्यात जाऊन सहा-सात आठवड्यांत मोठी होतात. पूर्ण वाढलेला कृमी जेमतेम काही मिलिमीटरचा, म्हणून विष्ठेत दिसत नाही. कुत्रं वरून अगदी ठणठणीत. त्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर पडतात, गवत मेंढी खाते, आणि तिच्या काळजात नवी गाठ धरते. तीच अंडी कुत्र्याच्या अंगावरून माणसाच्या हाताला आणि हातावरून भाकरीला लागतात. माणसाच्या यकृतात ही गाठ वर्षानुवर्षं वाढते आणि कळते तेव्हा बहुधा ऑपरेशनच करावं लागतं.

मेंढी एकाच अंगाला मान वाकडी करून गोल गोल फिरू लागते, तो आजार सगळ्या वाड्यांना माहीत आहे. तोही याच तऱ्हेचा. तिच्या मेंदूत गाठ असते आणि त्या कृमीचंही घर कुत्र्याच्याच पोटात. कच्चं डोकं कुत्र्याला टाकलं की फेरा पूर्ण झाला.

हा फेरा तोडता येतो. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात या गाठींनी माणसं हैराण झाली होती. 1864 मध्ये तिथे घरोघरी एक पुस्तिका वाटली गेली. कुत्र्याला कच्चे अवयव देऊ नका आणि त्याला जंताचं औषध द्या, एवढंच तिचं सांगणं. पुढे तो देश या रोगातून मुक्त झाला. आपल्याकडे प्राझिक्वांटेल नावाची साधी गोळी मिळते. कुत्र्याच्या वजनावर मात्रा ठरवून दर तीन महिन्यांनी ती द्यायची. काळीज-फुफ्फुस द्यायचंच असेल तर अर्धा तास उकळून द्यायचं, नाहीतर खोल पुरायचं. वाघ्याची काळजी, कळपाची काळजी आणि चुलीपाशी बसलेल्या लेकराची काळजी इथे वेगळी काढताच येत नाही.

[दृश्य : पावसाळा. गावातला पशुवैद्यकीय दवाखाना. दोरीला धरलेली तीन कुत्री.]

लसीकरणाची खरी वेळ पावसाळा. वाडे गावी असतात, डॉक्टर एकाच ठिकाणी भेटतो. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तशी, दरवर्षी. सोबत डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंच्या आजारांचीही. डिस्टेंपर कुत्र्यापुरता राहत नाही, रानातल्या जनावरांनाही लागतो. 2018 मध्ये गीरच्या सिंहांमध्ये तो आढळला होता. आपल्या माळावरचा लांडगा कायद्याने संरक्षित आहे. त्याचं आणि मेंढपाळाचं वैर जुनं असलं तरी रोगाने त्याचा वंश बुडावा असं कुणालाच वाटत नाही. आणि चांगली कुत्री राखणीला असली की मेंढपाळाला लांडग्यावर विष घालायची गरजही पडत नाही. विषाचा पहिला बळी तसाही पुष्कळदा त्याचंच कुत्रं असतं.

[दृश्य : सुरत-नागपूर महामार्ग. कळप रस्ता ओलांडतो आहे. गाड्यांची रांग.]

लांडग्याशी झुंजून वाचलेलं कुत्रं ट्रकखाली जातं, तेव्हा वाड्यावर त्या रात्री चूल उशिरा पेटते. म्हणून गाडीवाल्यांना सांगणं आहे. कळप दिसला की वेग कमी करा, हॉर्न वाजवू नका. शेवटची मेंढी पलीकडे गेली तरी लगेच निघू नका, कारण कुत्रं तिच्याही मागे असतं. रानात वाडा पाहायला गेलात तर सरळ कळपात घुसू नका. लांब उभं राहून हाक मारा. कुत्रं भुंकत पुढे आलं तर पळू नका, दगड उचलू नका. जागेवर थांबा. मेंढपाळ आवाज देईल, मग चला. तरीही चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.