नांगर टाकून बसलेली माणसं

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबर लागला की कोकण किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक बसतं. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, दहा-अकराला तो पडतो, तासभर शिडं नुसती लोंबकळतात आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. दक्षिणेकडे निघालेल्याला हे दोन्ही वारे साथ देतात. म्हणून नोकऱ्या संपल्यापासून मी आणि माझा नवरा हिवाळ्यात आमची तीस फुटी शिडाची बोट घेऊन खाली उतरतो. मुरूड, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण. पहाटे नांगर उचलायचा आणि उन्हं कलायच्या आत पुढच्या खाडीत टाकायचा. रत्नागिरी ते विजयदुर्ग पंचवीस-तीस सागरी मैल, म्हणजे वारा बरा असला तर पाच-सहा तास. मोटारीनं लवकर पोचता येतं हे आम्हांला ठाऊक आहे. कृपया पत्र पाठवून कळवू नये.

लोकांना शिडाचं कौतुक असतं. पण रात्रीची झोप लागते ती नांगराच्या जिवावर. नांगर नुसत्या वजनानं धरत नाही, तळाच्या चिखलात रुतून धरतो. रुतायचा तर त्याच्यावरची ओढ आडवी हवी, आणि आडवी ओढ हवी तर साखळी-दोर भरपूर सोडायला हवा. किती? पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट. पुन्हा सांगते, पाच ते सात पट. आणि खोली मोजायची ती भरतीची. आत्ता पाच मीटर पाणी असेल, भरतीला दोन मीटर चढणार असेल आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून मीटरभर वर असेल, तर झाले आठ. आठाची पाचपट चाळीस मीटर. भरतीची वेळ तुम्हांला काढता येतेच: तिथीला तिनानं गुणा, चारानं भागा. अष्टमी असेल तर सहा वाजता. हा मुंबईचा हिशेब, खाली दक्षिणेला पाणी थोडं आधी भरतं.

आता तो किस्सा, ज्यासाठी खरं तर मी हे भाषण कबूल केलं.

विजयदुर्गचा किल्ला ओलांडून वाघोटणच्या खाडीत आत वळलं की समुद्राचा हेलकावा थांबतो. याच पाण्यात फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. समोर वॉटसन आणि क्लाइव्ह होते ते ठीक, पण आपल्याच आरमाराविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरावं, हे मला अजून पचत नाही. असो.

तर तिथं नांगरून आम्ही चहा पीत बसलो होतो. एक म्हातारे मच्छीमार काका होडी वल्हवत आले. लांबूनच ओरडले, "इंजान बिघाडला काय?"

"नाही काका."

"डिझेल सपला?"

"नाही."

"मगे हय कित्याक रवलास?"

नवरा म्हणाला, "असेच."

काकांनी वल्हं पाण्यातून वर काढलं आणि आमच्याकडे बघत राहिले. कामाशिवाय होडीत बसलेली माणसं त्यांनी पाहिली नसावीत. मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. रात्री त्यांना इथंच जाळं लावायचं होतं, आणि ओहोटी लागली की आमची बोट फिरून नेमकी जाळ्यावर येणार होती. बरोबरच होतं. नांगरावरची बोट प्रवाहाकडे तोंड करते. भरतीला नाळ समुद्राकडे, ओहोटीला खाडीच्या आतल्या बाजूला. आम्ही साखळी ओढून घेतली. प्रत्येक कडीला काळाकुळकुळीत, कुबट चिखल. बादलीनं धुता धुता हात भरून आले. मग समोरच्या काठाला सरकलो.

अर्ध्या तासानं काका परत आले. होडीत बायको आणि तिच्या मांडीवर डबा. बांगड्याचं तिखलं! काकू सरळ वर आल्या आणि सगळी बोट बघून घेतली. आमची शेगडी दोन खिळींवर झोके घेते. बोट कलली तरी ती सपाट राहते. काकूंनी तिला एका बोटानं ढकललं, वरचं पातेलं सांडत नाही हे बघितलं, पुन्हा ढकललं. मग विचारलं, दिवसभर तुम्ही दोघं करता काय? मी म्हटलं, वारा बघतो, वाचतो, जेवतो, भांडतो.

काकू काकांकडे वळल्या. "चाळीस वर्सां तुमच्या होडयेत बसतंय. अशी बसान रवलंय काय कदी?"

काका काही बोलले नाहीत. दोघं होडीत उतरली, आमच्यापासून थोड्या अंतरावर काकूंनी स्वतः नांगर टाकला, आणि बसली. काका जाळ्याकडे बघायला उठले. "बसा!" काकांनी आमच्या दोराच्या गाठीला नावं ठेवली. काकूंनी काकांच्या जाळ्याला. मग पुन्हा काका उठले, पुन्हा "बसा!" अंधार पडत आला, पाणी फिरलं, आमची बोट आणि त्यांची होडी बरोबरच वळायला लागली. काका मोठ्यानं म्हणाले, "झाला? आता जावया?"

"नाय."

किस्सा लांबला, वेळ संपत आली, तेव्हा परतीचं थोडक्यात. जो खारा वारा जाताना ढकलतो तोच येताना तोंडावर येतो. म्हणून उत्तरेला निघताना पहाटेच्या आधी नांगर उचला आणि मतलई वारा पडायच्या आत जमेल तेवढं अंतर कापा. पहाटेच्या आधी, लक्षात ठेवा. बोटीतला प्रत्येकजण लाइफ जॅकेट घालेल, पोहता येत असलं तरी. आणि मे संपायच्या आत बोट पाण्याबाहेर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीसुद्धा बंद असते.

तिखल्याची कृती कुणी विचारीलच: त्रिफळं ठेचूनच घालायची. आणि हॉटेलातली ती बीट घातलेली लालभडक सोलकढी त्याच्याबरोबर अजिबात नको. नमस्कार.