८०० मीटर, २ मिनिटं १८ सेकंद

नमस्कार श्रोतेहो. आज खेळाबद्दल बोलूया, म्हणजे आपण स्वतः कधीकाळी खेळलो त्याबद्दल. ऐकणाऱ्यांत असे बरेच जण असणार ज्यांनी शाळेत कॉलेजात अगदी सिरीयसली काहीतरी केलंय, कोणी लांब उडी मारायचं, कोणी गोळा फेकायचं, कोणी रिलेत शेवटी बॅटन घेऊन सुटायचं, आणि आता कोणी विचारलं की काय हो, तुम्ही खेळायचात ना, तर आपण पटकन म्हणतो, हो, असंच आपलं थोडंफार, आणि विषय बदलतो. मला हे "असंच आपलं" अजिबात आवडत नाही. त्या थोड्याफारच्या मागे पहाटे उठणं असतं, सोललेले गुडघे असतात, पोटऱ्या इतक्या धरलेल्या असतात की जिना उतरता येत नाही. ते सगळं दोन शब्दांत पुसून टाकायचं कशाला? झालेलं काम आहे ते, नीट सांगावं, अंतर किती, वेळ किती, नंबर कितवा.

तर माझं सांगते. मी आठशे मीटर पळायचे. बेस्ट टाइम २ मिनिटं १८ सेकंद, कॉलेजात असताना, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत, तिसरा नंबर. मला नॅशनलला पळायचं होतं, ते झालं नाही. सांगायला किती वेळ लागला बघा, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

आता २:१८ म्हणजे कुठे बसतं ते पण सांगते, कारण आकडा एकटा सांगून कळत नाही. बायकांच्या आठशे मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड १९८३ सालचा आहे, चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्राटोखविलोवाचा, १ मिनिट ५३.२८ सेकंद, चाळीसहून जास्त वर्षं टिकलाय. ती फिनिश लाइनवर पोचेल तेव्हा मी माझ्या सगळ्यात चांगल्या दिवशी सुद्धा शेवटच्या वळणावर असेन, जवळजवळ दीडशे मीटर मागे. पण १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकची फायनल घ्या. तिथे जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटं १६.८ सेकंदात गोल्ड जिंकलं आणि तो तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड होता. तिच्यामागे मी फार तर सात-आठ मीटरवर असते. अर्थात तो ट्रॅक जळक्या कोळशाच्या चुऱ्याचा होता आणि मी त्याहून चांगल्या ट्रॅकवर पळाले, त्यामुळे तिची बरोबरी मी करत नाहीये, पण आपला टाइम असा जगाच्या टाइमशेजारी ठेवून बघावा, खूप काही कळतं त्यातून.

आणि त्या १९२८ च्या फायनलबद्दल थांबून सांगायलाच हवं. बायकांना ऑलिम्पिकमध्ये आठशे मीटर पहिल्यांदाच मिळालं होतं. फायनलला उतरलेल्या नऊच्या नऊ जणींनी रेस पूर्ण केली. दुसरी आली जपानची किनुए हितोमी, ती खरं तर शंभर मीटरसाठी आलेली, तिथे फायनल गाठता आली नाही म्हणून आठशेला उतरली आणि सिल्व्हर घेऊन गेली. रेस संपल्यावर काही जणी ट्रॅकवर आडव्या झाल्या, जे आठशे मीटरनंतर कोणीही होतं, पुरुष पण होतात. पण पेपरवाल्यांनी लिहिलं की बायका कोसळल्या, हे अंतर बायकांच्या शरीराला झेपत नाही, आणि आठशे मीटर काढून टाकलं ते थेट १९६० ला रोममध्ये परत आलं. बत्तीस वर्षं! मधल्या काळात ऑलिम्पिकमध्ये बायकांची एकटीने पळायची रेस २०० मीटरच्या पुढे गेली नाही. या बत्तीस वर्षांत किती मुलींच्या पायात आठशे मीटर असेल आणि त्यांना पळायला रेसच नव्हती. मी माझं अर्धवट राहिलेलं आठवते तेव्हा या मुली डोळ्यांसमोर येतात आणि मनापासून वाईट वाटतं, कारण मला निदान स्टार्ट लाइनवर उभं तरी राहायला मिळालं.

बरं, रेसबद्दल. आठशे म्हणजे चारशेचे दोन राउंड. पाय टेकवून सुटायचे ब्लॉक्स नसतात, उभ्याने स्टार्ट. पहिल्या वळणापर्यंत आपापल्या लेनमध्ये पळायचं आणि मग सगळ्या जणी आत घुसतात, तिथे कोपर लागतं, स्पाइक्स म्हणजे खिळ्यांचे बूट घासतात, आणि आतली जागा नाही मिळाली तर वळणावर बाहेरून पळावं लागतं, दुसऱ्या लेनमधून पूर्ण वळण घेतलं की तीन-चार मीटर जास्त पळालात समजा, आणि आठशे मीटरमध्ये तीन-चार मीटर म्हणजे आख्खा नंबर जातो. पहिला राउंड छान वाटतो, नेहमीच छान वाटतो. शेवटच्या राउंडची घंटा वाजते. मग येतात ते दुसऱ्या राउंडचे पहिले दोनशे मीटर, आणि माझ्या मते आठशे मीटरची रेस म्हणजे ते दोनशे मीटरच. पब्लिक शेवटचे शंभर बघून ओरडतं, पण तोपर्यंत ठरलेलं असतं सगळं. चारशे ते सहाशेच्या मध्ये मांड्या जड व्हायला लागतात, श्वास पुरत नाही, फिनिश अजून दिसत नाही, आणि तुम्ही काही केलं नाही तर वेग आपोआप पडतो, तुम्हाला कळत सुद्धा नाही. आठशेला निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच तयार होते, पण उरलेली त्याशिवाय काढावी लागते आणि त्याची किंमत इथेच मोजावी लागते. माझ्या त्या २:१८ च्या रेसमध्ये मी त्या दोनशे मीटरला पुढचीचा खांदा सोडला नाही. हे मी आयुष्यात केलेल्या चांगल्या कामांपैकी एक आहे असं मला खरंच वाटतं.

मग पुढे का नाही गेले? नडगीचं हाड. आधी नुसतं दुखायचं, वॉर्मअप झाला की थांबायचं, मग थांबेना, मग रात्री पण दुखायला लागलं, आणि शेवटी कळलं की स्ट्रेस फ्रॅक्चर आहे, म्हणजे एका धक्क्यात मोडलेलं नाही, रोजच्या माराने हाडाला बारीक तडा गेलेला. ते भरलं, परत पळाले, परत तिथेच. त्या काळात आम्हा मुलींना सांगितलं जायचं की हलकी राहा, जेवढी हलकी तेवढी फास्ट, आणि आम्ही कमी खायचो. पाळी महिनोन्‌महिने यायची नाही आणि आम्हाला वाटायचं की ट्रेनिंग जोरात चाललंय म्हणून असेल, सोयच झाली. यात काय होतं ते आता नीट माहीत आहे. व्यायामाला जेवढी ऊर्जा जाते त्या मानाने खाण्यातून मिळाली नाही तर शरीर एकेक काम बंद करत जातं, इस्ट्रोजेन कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक कमिटीने याला रेड-एस असं नाव दिलं आणि पुरुष खेळाडूंमध्ये पण हे होतं हे सांगितलं. तुमच्या घरात पळणारी, पोहणारी, जिम्नॅस्टिक्स करणारी मुलगी असेल आणि तिची पाळी बंद झाली असेल, तर कृपा करून ट्रेनिंगचा भाग म्हणून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टरला दाखवा. हे मी फार कळकळीने सांगतेय.

तर ते तिथे संपलं. डिग्री, नोकरी, स्पाइक्स कोणाला तरी देऊन टाकले. नॅशनलचं स्वप्न किती वर्षं मनात होतं ते मला माहीत आहे आणि ते गेलं तेव्हा मी खूप रडले. त्याला मी "बरंच झालं, त्यातून दुसरं काही मिळालं" असं रूप देणार नाही, मला ते हवं होतं आणि ते मिळालं नाही.

पी. टी. उषा १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये चारशे मीटर हर्डल्सला चौथी आली, ५५.४२ सेकंद, ब्राँझ ५५.४१ ला गेलं. आपण सगळे तो एक शतांश सेकंद आठवतो आणि मला नेहमी वाटतं की ५५.४२ हा आकडा पण तेवढाच पाठ असायला हवा, कारण ते तिने पळून मिळवलेलं आहे. तसंच इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर, १९५२ ला हेलसिंकीत १५०० मीटरला चौथा, मेडल नाही. तेव्हा तो मेडिकलचा विद्यार्थी होता, दुपारच्या सुट्टीत सराव करायचा. ६ मे १९५४ ला त्याने एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदात पळून चार मिनिटांची भिंत पाडली आणि त्याच वर्षी पळणं सोडून डॉक्टरकीला लागला, न्यूरॉलॉजिस्ट झाला. त्याला कोणी विचारत नाही की सोडलंस का.

आणि सोडून परत आलेले पण आहेत. एड व्हिटलॉक. तरुणपणी इंग्लंडमध्ये चांगला पळायचा, मग इंजिनीअर म्हणून कॅनडाला गेला आणि पळणं सुटलं, चाळिशीत परत सुरू केलं. २००३ मध्ये ७२ व्या वर्षी त्याने मॅरेथॉन २ तास ५९ मिनिटं १० सेकंदात पूर्ण केली, सत्तरी ओलांडून तीन तासांच्या आत येणारा पहिला माणूस, आणि पुढच्याच वर्षी २:५४:४८. ८५ व्या वर्षी चार तासांच्या आत. सराव कुठे, तर घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास फेऱ्या. मला हा माणूस फार आवडतो.

वेटरन लोकांची, म्हणजे वय वाढलेल्या खेळाडूंची, पहिली जागतिक स्पर्धा १९७५ ला टोरंटोमध्ये झाली. आता मास्टर्स म्हणतात, ३५ पासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट. शिवाय एज ग्रेडिंगचे तक्ते असतात, त्यात तुमच्या वयाच्या सर्वोत्तम टाइमच्या तुलनेत तुम्ही किती टक्के आहात ते निघतं. म्हणजे माझ्या आजच्या टाइमची तुलना माझ्या कॉलेजच्या टाइमशी करता येते, वय धरून.

म्हणून मी परत पळायला लागलेय. पंचेचाळीस ते एकोणपन्नासच्या गटात आठशेला नाव दिलंय. नडगीवर लक्ष आहे, पोटभर जेवते, आठवड्यातून एकदाच जोरात पळते, बाकी हळू, कारण या वयात हाडांना आणि स्नायूंना सावरायला जास्त वेळ लागतो. पहिला राउंड ८२ सेकंदात काढायचा की ८४, यावर अजून माझं आणि माझ्याबरोबर पळणाऱ्या मैत्रिणीचं एकमत झालेलं नाही, ती म्हणते ८४ आणि मग चारशे ते सहाशे दाबून पळ, मला ८२ करून बघायचंय.