चौथी पायरी

हा आपला आयर्विन पूल, १९२९ चा. दर पावसाळ्यात सांगलीकरांचा जीव इथल्या पाणीपातळीत अडकलेला असतो, ४५ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई ५७ फुटांवर गेली. आई आजही जिन्यात उभं राहून दाखवते, पप्पा खडूने पायरीपायरीवर रेघ मारत होते, चौथी रेघ बुडाली तसे तिने देव्हाऱ्यातले देव पदरात घेतले, तो डिझेल आणि गटाराचा मिक्स वास अजून नाकात आहे म्हणते. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात डब्याला काय भाजी होती? ते मात्र गेलं.

असं का होतं? घाबरलो की छाती धडधडते, किडनीवरच्या ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात. गंमत म्हणजे हे अॅड्रेनलिन मेंदूत फारसं शिरतच नाही, सांगावा जातो व्हेगस नावाच्या नसेतून, मग मेंदूत त्याचंच भावंड नॉरअॅड्रेनलिन सुटतं, अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग जागा होतो आणि शेजारच्या, आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या मागे लागतो की हे नीट लिहून ठेव बाबा.

१९९४ मध्ये अमेरिकेत केहिल आणि मॅकगॉ या मेंदू-संशोधकांच्या टीमने लोकांना स्लाइड्सवर एका पोराच्या अॅक्सिडेंटची गोष्ट दाखवली, त्याआधी काहींना प्रोप्रानोलॉल दिलेलं, म्हणजे बीपीला देतात तीच, अॅड्रेनलिनचा परिणाम अडवणारी गोळी. बाकीच्यांना अॅक्सिडेंटचा भाग जास्त लक्षात राहिला, गोळीवाल्यांना त्याचं विशेष काही नाही, साधा भाग मात्र दोघांना सारखाच. पुढे २००३ मध्ये केहिलनेच फोटो बघून झाल्यावर लोकांचे हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावले, तर आठवड्याने अंगावर येणारे फोटो त्यांना जास्त आठवले. म्हणजे बघा, धक्का नंतर बसला तरी चालतंय!

पण पक्कं आठवतं म्हणजे बरोबर आठवतं असं नाही हं. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं, नायसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या पोरांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे कळली, आणि अडीचेक वर्षांनी परत विचारलं. बऱ्याच जणांचं उत्तर पार बदललेलं, आणि स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवला तरी काहींना पटेना.

आमच्या घरी तेच. चौथी पायरी रात्री बुडाली, मिट्ट काळोख होता, हे माझ्या भावाला छातीठोक आठवतंय. मोबाइलमध्ये फोटो सापडला. जिन्यात पाणी, खडूची रेघ, खिडकीतून लख्ख उजेड, टाइम दुपारी सव्वाचार. त्याने झूम करून नीट बघितला आणि म्हणाला, "फोनचं घड्याळ चुकलं असणार."