खटला कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

सत्र न्यायालयात खुनाच्या खटल्याचा पुकारा होतो तेव्हा फलकावर लिहिलेलं असतं, ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ आणि पुढे आरोपीचं नाव. ज्या बाईचा मुलगा मारला गेला, ती मांडीवर पिशवी घेऊन मागच्या बाकावर बसलेली असते. कागदोपत्री ती ‘मयताची आई’, फार तर एक साक्षीदार. मूल गेलं तिचं आणि खटला सरकारचा. असं का, हे आज आपल्याशी बोलायचं आहे.

पूर्वी असं नव्हतं. सन 600 च्या सुमारास इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याने जे कायदे केले, ते वाचताना दरपत्रकच हाती आल्यासारखं वाटतं. अंगठा तोडला तर 20 शिलिंग, पुढचा दात पाडला तर 6. जीव घेतला तर त्याचीही भरपाई ठरलेली. आपल्याकडे आपस्तंब धर्मसूत्र सांगतं, क्षत्रियाला मारलं तर वैर फेडण्यासाठी हजार गाई द्याव्यात, वैश्याला मारलं तर शंभर, शूद्राला मारलं तर दहा. हजार, शंभर, दहा. हे आकडे वाचताना माझा आवाज आजही अडखळतो. जिवाचा भाव ठरवायला बसलं की जात आणि ऐपत आधी येऊन बसते.

इस्लामी कायद्यात मयताच्या वारसांना मोठा अधिकार आहे. त्यांनी किसास, म्हणजे जिवाला जीव मागावा, दियत म्हणजे रक्ताची भरपाई घ्यावी, किंवा माफ करावं. बंगालमध्ये इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याने 1790 मध्ये वारसांचा हा माफीचा अधिकार काढून घेतला. 1860 च्या दंडसंहितेत तर खून हा पूर्णपणे सरकारने चालवायचा गुन्हा झाला. पाकिस्तानात 1990 मध्ये किसास आणि दियत पुन्हा आले. मग भावाने बहिणीला ‘इज्जती’साठी मारायचं आणि बापाने मुलाला माफ करायचं, असं होऊ लागलं. शेवटी 2016 मध्ये कायदा बदलावा लागला. अशा खुनात घरच्यांनी माफ केलं तरी आता जन्मठेप चुकत नाही.

म्हणून खटला सरकारनेच चालवावा, या मताचा मी आहे. गरिबाच्या दारात पैशाची थैली घेऊन कुणी उभं राहिलं, तर त्याने ‘नाही’ कुणाच्या बळावर म्हणायचं? पण किसासमागची एक गोष्ट मला मनापासून पटते: ज्याचं माणूस गेलं, त्याला विचारलं जातं.

आपल्या कायद्यालाही ते उशिरा का होईना उमगलं. आरोपी सुटला तर त्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडिताला, म्हणजे खुनाच्या खटल्यात मयताच्या वारसांना, 2009 च्या अखेरीस मिळाला. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणं मांडता येतं, जामिनाच्या वेळीसुद्धा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. मागच्या बाकावरच्या त्या आईला हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या ओळखीत असं कुणी कोर्टाच्या पायऱ्या चढत असेल, तर आज संध्याकाळीच त्यांना सांगा.

नमस्कार.